घरगुती मसाले आणि फराळाचं व्यावसायिक फोटोशूट: आधी काय तयारी करावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

सांगलीत माझी जाऊ आणि मी मिळून घरगुती मसाले, मेतकूट, भाजणी आणि दिवाळीत फराळ असा व्यवसाय करतो. आतापर्यंत भाच्याने मोबाईलवर काढलेल्या फोटोंवर निभावलं. ओळखीतल्या ओळखीत विकताना तेवढं पुरतं. पण यंदा लेबलं नवीन केली आहेत आणि ऑनलाइन विक्रीही सुरू करायची आहे, म्हणून गणपती झाले की व्यावसायिक फोटोग्राफरला बोलवायचं ठरवलंय. फोनवर ते म्हणाले, "तुम्ही माल तयार ठेवा, बाकी मी बघतो."

आता माल तयार ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? पुडे किती लागतात, फराळ आदल्या दिवशी करावा की त्याच दिवशी, शूट घरी करावं की त्यांच्या स्टुडिओत? आम्हा दोघींचेही फोटो काढायचे आहेत, तेव्हा कपडे कसे असावेत? लेखी करार करतात का आणि त्यात काय असावं?

शिवाय एक जुनी अडचण आहे. आमचा कांदा-लसूण मसाला चांगला गडद लाल असतो, पण फोटोत भडक नारिंगी दिसतो. मग गिऱ्हाईक विचारतं, "रंग घातलाय का हो?" इतकं वाईट वाटतं! संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची स्वतः निवडून आणतो आम्ही.

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

अबोली

छान धागा. माझा मेणबत्त्यांचा छोटा व्यवसाय आहे आणि मलाही हेच विचारायचं होतं. वाचतेय.

---

कवडसा

कृष्णाकाठ, मी पुण्यात हेच काम करतो, मुख्यतः खाद्यपदार्थ आणि पॅकिंगमधल्या वस्तूंचं. "बाकी मी बघतो" म्हणणारा माणूस कामाला चांगलाच असेल. पण फोटो कुठे वापरायचे हे त्याला कसं कळणार? ते तुम्हीच ठरवायचं आणि बाकीची सगळी तयारी त्यावरून ठरते.

अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी पूर्ण पांढरी लागते. वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला हवा आणि वरून टाकलेली अक्षरं किंवा लोगो चालत नाहीत. गिऱ्हाइकाला मोठं करून बघता यावं म्हणून लांब बाजू किमान १००० पिक्सेल ठेवायची. त्या फोटोत पितळी डबा, झेंडू, रांगोळी यांचा काही उपयोग नाही. इन्स्टाग्रामला उभा फोटो शोभतो, १०८० बाय १३५०. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगला चौकोनी बरा. वेबसाइटच्या माथ्यावर आडवा लागतो, तोही एका बाजूला अक्षरांसाठी मोकळी जागा सोडून काढलेला. उभा फोटो मागाहून आडवा करायला गेलं की पुड्याचं डोकं तरी जातं नाहीतर बूड.

म्हणून वहीच्या एका पानावर सगळ्या वस्तू लिहून काढा. प्रत्येकीसमोर कोणकोणते फोटो हवेत ते लिहा: नुसता पुडा, पुडा आणि वाटीत मसाला, अगदी जवळून, ताटात वाढलेला. मग 'हवाच' आणि 'वेळ उरला तर' अशा खुणा करा. दिवस कसा संपतो ते कळत नाही आणि मेतकुटाचा पुडा राहून जातो. ही यादी फोटोग्राफरला आधीच पाठवा. त्यावरून तो क्रम लावेल, कारण प्रकाशाची मांडणी बदलण्यात सर्वांत जास्त वेळ जातो. पांढऱ्यावरचे सगळे पुडे एका दमात उरकायचे आणि मग टेबल सजवायचं. एकेक वस्तू घेऊन तिचे सगळे प्रकार काढत बसलं तर निम्मं काम होतं.

पुड्यांबद्दल. उभ्या राहणाऱ्या चकचकीत पाऊचचे प्रत्येक प्रकारचे चार-पाच नग ठेवा. त्यातला एकच कॅमेऱ्यासमोर जाणार, पण तो निवडायला चार लागतात. लेबल तिरकं नको, सीलच्या पट्टीला चुणी नको, तळाची घडी सारखी उघडलेली हवी. पुडे भरले की पिशवीत एकावर एक रचू नका, खोक्यात उभे ठेवा. प्लास्टिकवर पडलेली घडी कॅमेऱ्यात पांढरी रेघ होऊन चमकते आणि ती नंतर संगणकावर पुसायची म्हणजे प्रत्येक फोटोचं वेगळं काम. मऊ मलमलचं कोरडं फडकं हाताशी ठेवा. मसाल्याची पूड पुड्याच्या बाहेर हमखास लागलेली असते.

घरी की स्टुडिओत, याचं माझं मत: पुडे स्टुडिओत, फराळ घरी. चकल्या-चिवडा गाडीतून नेईपर्यंत मोडतो किंवा सादळतो. शिवाय तुमचं स्वयंपाकघर, मिरच्या निवडणं, डंकावरचं काम हे फोटो घरीच होणार. एकच दिवस आणि एकच जागा परवडणार असेल तर सगळं घरी करा. फक्त दहा बाय दहाची एक खोली पूर्ण रिकामी करून द्या.

---

कृष्णाकाठ

कवडसा दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. वही घेऊन बसलेच लगेच. घरीच करायचं असं जाऊबाई म्हणताहेत. आमच्या हॉलच्या भिंती पोपटी आहेत, त्याने काही फरक पडतो का? आणि मसाल्याच्या रंगाचं काय करायचं?

---

कवडसा

पोपटी भिंतीने नक्कीच फरक पडतो. भिंतीवरून परतलेला उजेड पांढऱ्या लेबलवर हिरवट छटा टाकतो. त्या बाजूला पांढऱ्या चादरी लावा किंवा थर्माकोलचे मोठे तक्ते उभे करा. रंगीत पडदेही काढा.

तुमचा मसाला नारिंगी दिसतो त्याचं कारण बहुतेक मिसळलेला उजेड. दिवसाच्या उजेडाचं रंगतापमान (उजेड किती पिवळट की निळसर याचं माप) साधारण ५५०० केल्विन असतं, घरातल्या पिवळ्या दिव्याचं २७०० च्या आसपास. खिडकी उघडी आणि वर दिवा चालू असला की मोबाईल दोन्हींच्या मधलं काहीतरी धरतो आणि लाल रंग नारिंगीकडे झुकतो. शूटच्या वेळी घरचे सगळे दिवे बंद करायचे आणि प्रकाश एकाच प्रकारचा ठेवायचा. नव्या मांडणीचा पहिला फोटो करड्या कार्डासकट (रंग जुळवण्यासाठीचं ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) काढायचा, म्हणजे पुढचे सगळे रंग त्यावरून बसवता येतात. चांगला फोटोग्राफर हे करतोच, तरी विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट, लाल रंग मुळातच अवघड. मिरचीपुडीत लाल इतका जोरकस असतो की कॅमेऱ्याची लाल रंग टिपण्याची मर्यादा आधी संपते. मग पुडीतले कण दिसेनासे होतात आणि वाटीत लाल रंगाचा एक सपाट गोळा उरतो. हळदीचंही तेच. म्हणून फोटो किंचित अंधारा घ्यायचा आणि प्रकाश समोरून न टाकता बाजूने किंवा थोडा मागून टाकायचा. बाजूच्या प्रकाशात कणाकणाची बारीक सावली पडते आणि मसाला हाताला लागेल असा वाटतो. कांदा-लसूण मसाल्याला तर ओलसर तेलकटपणा असतो, तो चमच्याने मोडून ठेवला की सुंदर भेगा पडतात. त्याचा गुळगुळीत डोंगर करू नका. पूड वाटीत टाकायच्या आधी पंखा बंद केलाय ना, तेवढं बघा.

आणि एक कराच. मसाल्याची एक पुडी फोटोग्राफरसोबत पाठवून द्या. तो रंग बसवत असेल तेव्हा खरा मसाला त्याच्या टेबलावर असायला हवा. आठवणीवरून कोणालाच लाल रंग ठरवता येत नाही.

---

मीठमोहरी

फराळाचं मी सांगते, नाशिकला केटरिंग आहे आमचं आणि दर दिवाळीच्या आधी हे सगळं करावं लागतं.

तळणीचं त्याच दिवशी सकाळी करा. चकलीचं सौंदर्य तिच्या काट्यांत आहे. सोऱ्याची चकती जुनी झिजलेली असेल तर बदला, आणि मोहन जास्त झालं की तेलात काटे विरघळतात हे तुम्हाला माहीत आहेच. फोटोच्या चकल्या पहिल्या दोन-तीन घाण्यांतल्या निवडा. तेल जसजसं तापत जातं तसतसा रंग गडद होतो आणि एका ताटात तीन रंगांच्या चकल्या दिसतात. तळून झाल्यावर टिपकागदावर पसरून ठेवा, ताटात तेलाचे डाग पडले की लगेच दिसतात.

अनारसा जाळी पडलेली खसखशीची बाजू वर करून, बाजूचा प्रकाश घेऊन. त्या जाळीतच अनारशाची सगळी कारागिरी आहे, समोरून फ्लॅश मारला तर ती सपाट होऊन जाते. करंजीची कड कातणीने एकसारखी कापलेली हवी, आणि एक करंजी मोडून सारण दाखवाच. लाडू वजनकाट्यावर तोलून वळा, नाहीतर फोटोत लहान-मोठे लगेच कळतात. चिवडा सर्वांत शेवटी उघडा. सप्टेंबरची हवा ओली असते, पोहे बघता बघता मऊ पडतात आणि मऊ पोहा फोटोत मलूल दिसतो.

मला तळमळीने एक सांगायचंय. शूटला आलेले काही जण सुचवतात, वरच्या थरात काजू-बेदाणे जास्त लावू, लाडवावर केशराच्या काड्या ठेवू, थोडं ग्लिसरीन फवारू. स्पष्ट नाही म्हणा. पुड्यात जेवढे काजू जातात तेवढेच ताटात दिसले पाहिजेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये फसव्या जाहिरातीची तरतूद आहे, आणि खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांवर एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे वेगळे नियम आहेत. 'शुद्ध', 'पारंपरिक', 'ताजं' असले शब्दसुद्धा वाटेल तसे वापरता येत नाहीत. पण कायदा बाजूला ठेवा. ज्या बाईने दिवाळीला विश्वासाने तुमचा डबा मागवला, तिने झाकण उघडल्यावर तिचा चेहरा पडू नये, एवढंच मला महत्त्वाचं वाटतं.

---

रानवारा

वरचं सगळं पटलं, पण एवढा खर्च करायची खरंच गरज आहे का? हल्लीच्या मोबाईलवर उत्तम फोटो येतात. खिडकीला बटर पेपर लावा, समोरून थर्माकोलचा तुकडा धरा, झालं. आमच्या लोणच्याचे फोटो असेच काढतो आणि विक्री व्यवस्थित चालू आहे.

---

कवडसा

रानवारा, तुमची पद्धत अगदी बरोबर आहे आणि रोजच्या स्टेटससाठी, नवीन घाणा उतरल्याच्या बातमीसाठी मी स्वतः तीच सुचवतो. खिडकी, बटर पेपर आणि थर्माकोल यांनी खरंच खूप साधतं.

फरक पडतो तो सलगपणात. बारा मसाल्यांचे बारा पुडे एकाच उंचीवर, एकाच प्रकाशात, एकाच रंगात शेजारी शेजारी दिसायला हवेत. मोबाईलवर सकाळी काढलेला आणि दुपारी काढलेला फोटो वेगळा येतो. लेबल छापायला किंवा प्रदर्शनातल्या स्टॉलचा फलक करायलाही मोठी फाइल लागते. म्हणून मूळचा संच एकदा नीट काढून घ्यावा आणि बाकी वर्षभर मोबाईल वापरावा.

---

पदर

माझं क्षेत्र वेगळं, पण रंगाची व्यथा तीच, म्हणून लिहिते. मी येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या घेऊन विकते. धूपछाव पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो. साडी हलली की रंग बदलतो. कॅमेरा मात्र एकच क्षण पकडतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला जांभळी वाटलेली साडी घरी गेल्यावर लाल दिसते आणि परत येते. आता आम्ही प्रत्येक धूपछाव साडीचे दोन कोनांतून फोटो घेतो आणि पदर हळूच हलवतानाचा छोटा व्हिडिओ काढतो.

दुसरं, उलट्या बाजूचा फोटो घ्याच. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो, लोंबते धागे नसतात. जाणतं गिऱ्हाईक आधी उलटी बाजू मागतं. तुमच्या मसाल्यालाही अशी 'उलटी बाजू' असेलच: अख्ख्या मिरच्या, भाजलेलं खोबरं, दगडफूल, नागकेशर. पूड सगळ्यांचीच लाल दिसते, आत काय घातलंय ते तुम्हीच दाखवू शकता.

---

कृष्णाकाठ

पदर ताई, हे फारच आवडलं! नागकेशर आणि दगडफूल काय असतं हे हल्लीच्या मुलींना दाखवावंच लागतं. यादीत घातलं.

---

सातासमुद्रापार

मी गिऱ्हाईक म्हणून लिहितो. न्यू जर्सीत राहतो आणि दर दिवाळीला महाराष्ट्रातून फराळ मागवतो. सुंदर ताट बघून मन भरतं, पण पैसे भरताना मी शोधतो ते वेगळंच. लाडू केवढा आहे? अर्ध्या किलोत किती बसतात? हातात धरलेल्या लाडवाचा एक फोटो असला की लगेच कळतं. दुसरं, पुड्याची मागची बाजू. माझ्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, घटकपदार्थ वाचता आल्याशिवाय मी काहीच मागवत नाही. अनेक जण मागचा फोटो टाकतच नाहीत, किंवा टाकतात तो इतका धूसर की अक्षरं लागत नाहीत. तिसरं, पाठवताना आत कसं बांधता, तो खोका. एवढ्या लांबून येणारी चकली आख्खी पोचणार का, याचा अंदाज त्यावरूनच येतो.

---

शाईपेन

लेबलचा विषय निघालाच आहे तर डिझायनर म्हणून लिहितो.

शूटच्या आधी लेबल पक्कं झालंय ना, हे दोनदा तपासा. फोटो झाले आणि महिन्याभरात लेबल बदललं तर पांढऱ्यावरचे सगळे फोटो बाद. नव्या लेबलवर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठीचा संपर्क हे सगळं आहे का ते बघा. मराठी शुद्धलेखन घराबाहेरच्या कोणाकडून तरी वाचून घ्या. रोज बघणाऱ्या डोळ्यांना 'मसला' कधीच दिसत नाही.

पॅकिंगची तारीख हा नेहमीचा पेच. तारखेचा शिक्का फोटोत आला की पुढच्या वर्षी माल शिळा वाटतो. ऑनलाइन विक्रीत वजन, किंमत वगैरे सक्तीची माहिती पानावर द्यावी लागते, पण तयार केल्याचा किंवा पॅक केल्याचा महिना-वर्ष त्यातून वगळलेलं आहे. त्यामुळे फोटोच्या नगांवर तारखेचा शिक्का मारू नका. मात्र शूट झाल्यावर ते पुडे विक्रीत मिसळू नका, वेगळे काढा आणि घरी वापरा.

छपाईसाठी हिशोब सोपा आहे. दर इंचाला ३०० ठिपके. चार इंच रुंद लेबलवर फोटो हवा तर रुंदी किमान १२०० पिक्सेल.

---

न्यायनिवाडा

कराराबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. लेखी नक्की करा, साधा ई-मेलसुद्धा चालेल.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. मोबदला देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे तुम्ही. पण "वेगळा करार नसल्यास" हे महत्त्वाचं. पुष्कळ फोटोग्राफरांच्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात हक्क त्यांच्याकडे राहतील असं लिहिलेलं असतं. ते मान्य करून आगाऊ रक्कम दिली तर तो करारच झाला. म्हणून कोटेशन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

याशिवाय लिहून घ्यायच्या गोष्टी: किती फोटो तयार करून मिळणार, दर फोटोवर आहे की दिवसावर, दुरुस्त्या किती वेळा, किती दिवसांत, आगाऊ किती आणि उरलेले कधी, १८ टक्के जीएसटी दरात धरलाय की वर लागणार. पाऊस किंवा वीज यामुळे दिवस पुढे ढकलला तर काय, तेही. त्यांना तुमचे फोटो स्वतःच्या कामाचे नमुने म्हणून दाखवायचे असतील तर खुशाल परवानगी द्या, फक्त तुमची नवी वस्तू बाजारात यायच्या आधी नको, असं लिहा.

---

रानवारा

आणि मूळ रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट आलेल्या, रंग न बसवलेल्या? पैसे आपण दिले तर त्याही आपल्याच ना?

---

कवडसा

इथे माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. मूळ फाइलींचं आधी बोलणं झालं नसेल तर बहुतेक जण त्या देत नाहीत आणि त्यामागे लबाडी नसते. रंग न बसवलेली, अर्धवट फाइल आमच्या नावाने बाहेर फिरावी असं वाटत नाही. तयार फोटो पूर्ण आकाराच्या जेपीईजीत मिळाले की व्यवसायाचं काम भागतं. तरीही हव्याच असतील तर बोलणी करतानाच सांगा, शूटनंतर मागितल्या की दोन्हीकडे कटुता येते.

---

न्यायनिवाडा

आधी बोला आणि लिहून घ्या, याला पूर्ण अनुमोदन.

---

उंबरठा

सिंधुदुर्गातून लिहितेय. आमचा बायकांचा बचत गट कोकम, आगळ, तिरफळं, कुळथाचं पीठ विकतो. माणसांच्या फोटोंबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही, मला त्याबद्दलच बोलायचंय.

आमच्याकडे शूट होतं तेव्हा सांगण्यात आलं की सगळ्यांनी नऊवारी नेसा, नथ घाला, गजरे माळा, भरपूर बांगड्या घाला आणि कोकमं फोडताय असं दाखवा. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "असा आमी कधी काम करतंव?" आणि त्यांचं खरं होतं. खाद्यपदार्थ हाताळताना दागिने, घड्याळ नको, नखं कापलेली हवीत, केस झाकलेले हवेत, असं स्वच्छतेचे नियम सांगतात. ते पाळूनच आम्ही काम करतो. मग जगाला दाखवताना उलटं का दाखवायचं? शेवटी रोजच्या सुती साड्या, स्वच्छ अ‍ॅप्रन आणि डोक्यावर टोपी अशाच बसलो. कोकमाच्या रसाने लाल झालेल्या बोटांचा एक फोटो आलाय, प्रदर्शनात लोक त्याच्यासमोर थांबतात. सणाचा पोशाख घालून वेगळे फोटो काढावेत, पण कामाच्या फोटोत कामाचाच वेष असावा.

प्रत्येकीला आधी विचारा. फोटो कुठे कुठे लागणार ते नीट समजावून सांगा आणि साधी लेखी संमती घ्या. आमच्यातल्या एकीला चेहरा नको होता, तर तिचे फक्त हात घेतले. तिला त्याचंही कौतुक वाटलं.

कपड्यांचं म्हणाल तर एकरंगी किंवा ठळक काठाचं नेसा. बारीक चौकड्यांच्या, बारीक रेघांच्या साडीवर कॅमेऱ्यात लाटा उठल्यासारखं दिसतं. तुम्ही दोघी एकत्र उभ्या राहणार असाल तर लेबलच्या रंगाशी जुळणारं बघा. चष्मा असेल तर काढू नका, चष्मा घालणारी बाई बिनचष्म्याची ओळखूच येत नाही. चमक आली तर हनुवटी जरा खाली घ्यायची.

---

मीठमोहरी

उंबरठा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मनापासून नमस्कार त्या काकूंना.

---

कृष्णाकाठ

मंडळी, शूट झालं! इथलं वाचून यादी केली होती, ती आठवडाभर आधी पाठवली, तर फोटोग्राफरचाच फोन आला की एवढी तयारी छोट्या व्यवसायात क्वचित बघायला मिळते. क्रम त्यांनीच लावला. पांढऱ्यावरचे पुडे दुपारच्या जेवणाआधी संपले. पोपटी भिंतीला चादरी लावल्या. कॅमेरा लॅपटॉपला जोडलेला होता, त्यामुळे प्रत्येक फोटो मोठ्या पडद्यावर लगेच दिसत होता. एका लेबलचा कोपरा उचललेला तिथेच कळला आणि पुडा बदलता आला. ज्यांचं शूट व्हायचंय त्यांनी अशी सोय आहे का ते जरूर विचारा.

मसाल्याचा फोटो बाजूच्या प्रकाशात घेतला. भाजलेल्या खोबऱ्याचे तुकडे, दगडफूल, नागकेशर आणि मधे मोडून ठेवलेला मसाला. कण न् कण दिसतोय. जाऊबाई बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, "हा आपला." पुडी सोबत दिली आहे.

सजावटीवरून थोडी चर्चा झाली. त्यांनी खणाची कापडं आणली होती, भारी सुंदर, पण त्या रंगांपुढे मेतकूट दिसेना. शेवटी आमचाच लोखंडी खल, सूप आणि साधं मांजरपाट वापरलं. स्टीलची भांडी टाळली, त्यात दिव्यांवरची छत्री, दिवे आणि फोटोग्राफर सगळे दिसत होते.

हातात लाडू धरलेला फोटो आणि पाठवायचा खोका, दोन्ही घेतले. सातासमुद्रापार, खास तुमच्यासाठी! मागच्या बाजूचे फोटो अक्षर न् अक्षर वाचता येतील असे आहेत. दोघींचे फोटो अ‍ॅप्रन घालूनच काढले, शेवटी पाच मिनिटं काठपदरातले.

---

कवडसा

अभिनंदन! आता फोटो आले की व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते पाठवायला सांगू नका, त्यात ते दाबले जाऊन लहान होतात. ड्राइव्हची लिंक घ्या किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवा, आणि दोन ठिकाणी साठवा. फाइलींची नावं लगेच बदला: वस्तू, वजन, पुढची बाजू की मागची. दिवाळीच्या गर्दीत आकड्यांच्या नावांतून थालीपीठ भाजणीचा पुडा शोधणं फार कठीण जातं.

---

अबोली

सगळ्यांचे आभार, खूप शिकायला मिळालं. कवडसा, एकच शंका. मेणबत्ती पेटवून फोटो काढला की ज्योत पांढरा ठिपका दिसते आणि ज्योत नीट आली तर मेणबत्ती काळी. काय करावं?

---

कवडसा

दोन फोटो घ्यायचे. कॅमेरा तिपाईवर (ट्रायपॉडवर) पक्का ठेवून एक मेणबत्तीसाठी आणि एक ज्योतीसाठी अंधारा, नंतर दोन्ही जोडायचे. फोटोग्राफरला आधी सांगितलंत तर तो तशी तयारी ठेवेल. तुमच्या बाजूने, वात साधारण ६ मिलीमीटर ठेवून कापा म्हणजे धूर आणि काजळी कमी होते. पंखा बंद, खिडकीही बंद, नाहीतर ज्योत हलते आणि दोन फोटो जुळत नाहीत. प्रत्येक प्रकारच्या तीन तरी नव्या मेणबत्त्या ठेवा. एकदा पेटवलेली मेणबत्ती पांढऱ्यावरच्या फोटोला चालत नाही, म्हणून न पेटवलेले फोटो आधी उरकून घ्या.